पेटी निघाली पलीकडच्या गल्लीत

माझ्या आईनं मधमाश्यांची एक पेटी दिल्ली छावणीतल्या अख्ख्या गल्लीतून, रोज दोन-दोन हात सरकवत, चालवत नेली, असं मी चारचौघांत सांगितलं की ऐकणारे आधी माझ्या हातातल्या पेल्याकडे बघतात. पेल्यात ताक असतं. मग मी खुर्ची पुढं ओढते, आवाज खाली आणते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. इथंही तेच करणार आहे. फरक एवढाच की इथं शेजारी बसून "आटप आता" म्हणत चिमटा काढायला कुणी नाही.

आबा तेव्हा हवालदार होते. छावणीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. पुढं वऱ्हांडा, मागं फरशीचं छोटं अंगण, अंगणात गळका नळ आणि कोपऱ्यात जांभळाचं झाड. पहाटे बिगूल वाजायचा. त्याच्या पाठोपाठ आईचा स्टोव्ह फरफरायचा, मग शेजारच्या बिमला चाचीची ताक घुसळायची रवी, आणि या सगळ्यांच्या खाली, कान दिला तरच ऐकू येणारा, भिंतीलगतच्या पेटीतला हुंकार. आई त्याला "घरातला श्वास" म्हणायची. थंडीत तो अगदी बारीक व्हायचा. तेव्हा ती पेटीच्या लाकडाला कान लावून बसायची आणि आम्हाला हातानंच गप्प करायची. आबा वैतागून म्हणायचे, "माझ्या छातीला कधी असा कान लावला नाहीस." आई म्हणायची, "तुमचं घोरणं पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. कान कशाला लावू?"

आई जावळीच्या खोऱ्यातली. तिथं तिच्या वडिलांच्या दारात मधपेट्या होत्या, आणि तिचं बोलणं, चालणं, रागावणं सगळं त्या माश्यांच्या वेळापत्रकावर बेतलेलं होतं. दिल्लीत आल्यावर तिचं तोंडच बंद झालं. हिंदी तिला समजायची, पण बोलायला लाज वाटायची. बाजारात ती मला पुढं करायची आणि मी दुभाष्याचं काम करायचे. हे काम माझ्या स्वभावाला फारच मानवलं. आई म्हणायची, "भाजी शिळी आहे म्हणावं." मी भाजीवाल्याला म्हणायचे, "मेरी माँ पूछ रही है, ये भाजी तुम्हारे दादाजी ने तोड़ी थी क्या?" आईला समजायचं सगळं, पण भाजी स्वस्त मिळायची म्हणून ती गप्प बसायची.

एका वादळात कँटीनमागच्या शिसवाची पोकळ फांदी मोडून पडली आणि तिच्यात मोहोळ निघालं. जवान ते पेटवून द्यायला निघाले होते. गल्लीत कधी मान वर न करणारी माझी आई त्या फांदीवर जाऊन उभी राहिली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "हात लावायचा नाही." भाषांतराची गरज पडली नाही. माश्या सातेरी होत्या, तिच्या माहेरच्याच जातीच्या. तिनं पोळी अलगद कापली, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं चौकटींना बांधली, आणि युनिटच्या सुताराकडून दारूगोळ्याच्या एका रद्द झालेल्या पेटीला दार आणि छप्पर करून घेतलं. पेटीवरची पांढरी इंग्रजी अक्षरं तशीच राहिली. आमच्याकडे येणारे पाहुणे ती अक्षरं वाचून जागा बदलून बसायचे. पुढं तिनं त्या मोहोळाच्या दोन पेट्या केल्या, दोनाच्या तीन. एक मेणकिड्यानं खाल्ली, एक जूनच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, घर सोडून निघून गेली, आणि उरली ती ही एकच. "फाल्गुनात हिच्या परत दोन करीन," असं ती त्या हिवाळ्यात रोज म्हणायची. राणी चांगली होती, अंडी भरपूर घालणारी, आणि तिच्या माश्या गरीब स्वभावाच्या. तशी जात हातची गेली की परत मिळत नाही, हे तिला वडिलांनी शिकवलं होतं.

आणि नेमके त्याच हिवाळ्यात आबा नायब सुभेदार झाले. खांद्यावर नवा तारा आला आणि त्याच्याबरोबर मोठं क्वार्टर. फार लांब नाही, आमच्या गल्लीच्या टोकाला छावणीचा मोठा रस्ता होता, तो ओलांडला की पलीकडच्या गल्लीतलं पहिलंच. आता फौजी माणसाला घर हलवायला सांगणं म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला कळणार नाही. आई आणि मी रविवारच्या भाजीबाजारात गेलो होतो. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आबांनी चार जवान बोलावले आणि आम्ही मेथी निवडून घेतोय तोवर अख्खं घर उचलून पलीकडे मांडलं. डबे, पाट, देव, कॅलेंडर, सगळं जिथल्या तिथं. मधमाश्यांच्या पेटीच्या दाराला त्यांनी स्वतःच्या पायातला मोजा कोंबला, पेटी नव्या अंगणात त्याच दिशेला तोंड करून ठेवली, मोजा काढला, आणि आम्ही आलो तेव्हा शेजारी ताठ उभे राहून म्हणाले, "काम पूर्ण. एकही शहीद नाही."

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. बटाटे अंगणभर घरंगळले.

"अहो, काय केलंत हे?" ती म्हणाली. "माशी पेटी ओळखत नाही. जागा ओळखते."

गोष्ट साधी आहे. माशी बाहेर पडते ती परतीची वाट मनात धरून. पेटी जवळच कुठं हलवली तर ती चरून झाल्यावर बिनचूक जुन्या जागी येते आणि तिथं पेटी नसली तरी तिथंच बसून राहते. फार लांब नेली तर सगळंच अनोळखी, मग ती नवं बघून घेते. किंवा हात-दोन हात सरकवली तर शोधून काढते. पण मधलं अंतर म्हणजे घात. आणि आबांनी मोजून मधलं अंतर निवडलं होतं.

आम्ही पळत जुन्या क्वार्टरवर गेलो. तिथं त्याच सकाळी नवं बिऱ्हाड आलं होतं. जालन्याकडची सुनंदा, नुकतं लग्न झालेली. नवरा तिला सोडून लगेच ड्यूटीवर गेला होता. अंगणात जांभळाखाली पेटीच्या रिकाम्या जागेवर भिंतीला माश्यांचा काळा पोपडा धरला होता आणि आणखी येतच होत्या. सुनंदा स्वयंपाकघराच्या जाळीमागं डोक्यावर पातेलं घालून उभी होती.

"काकू, ह्या तुमच्या हैत का?" तिनं आतूनच विचारलं. "मी आत्ताच गाडीतून उतरले वो. दिल्लीत भामटे असतेत म्हणून सांगितलं होतं सगळ्यांनी. हे कुणी नव्हतं सांगितलं."

आई हसली. तिथंच, रडायच्या बेतात असताना, हसली. संध्याकाळच्या आत तिनं पेटी परत आणून जुन्या जागी ठेवली. भिंतीवरच्या माश्या पाण्यासारख्या आत वाहून गेल्या. पण घर आता सुनंदाचं होतं, आणि सुनंदाला माश्यांचं नाव काढलं तरी कापरं भरायचं.

आबा चूक भरून काढायला उत्सुक होते. "नजफगढकडे एक पेट्यावाला मोहरीच्या शेतात पेट्या मांडतो. महिनाभर तिकडं ठेवू, मग थेट नव्या घरी आणू. बिल्कुल सोपं." आईनं मान हलवली. तिकडच्या पेट्या इटालियन माश्यांच्या. दांडगट. आपली एकटी पेटी बघितली तर लुटून नेतील. म्हणून तिनं दुसरा मार्ग काढला, जो ऐकून आबांनी डोक्याला हात लावला. क्वार्टरांच्या मागून एक अरुंद वाट रस्त्यापर्यंत जात होती. त्या वाटेनं रोज तिन्हीसांजेला, माश्या आत गेल्या की, पेटी दोन हात पुढं सरकवायची. बस्स. सुनंदालाही हे पटलं. "रोज थोडी-थोडी लांब जाताना दिसली तर मला धीर येईल," ती म्हणाली.

अशी आमची पेटी चालायला लागली. चार विटांवर पेटी, दुसऱ्या दिवशी त्याच चार विटा पुढं, परत पेटी. छावणीत अशी गोष्ट लपत नाही. पेटी अंगणाबाहेर पडली त्याच दिवशी बिमला चाची कमरेवर हात ठेवून आली. चाची रोहतकची, आवाज परेड ग्राउंडला पुरेल असा.

"ए छोरी, थारी माँ यो के कर री सै? माखियां नै सैर करावै सै के?"

मी आईकडे न बघताच उत्तर दिलं, "चाची, इनका ट्रान्सफर हुआ है. पैदल जा रही हैं."

"पैदल!" चाची इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "म्हारै फौजी नै तो रेल का वारंट मिलै, इन बेचारियां नै किमे ना मिल्या?" वारंट म्हणजे फौजीला मिळणारा रेल्वेचा फुकट पास.

त्यानंतर पेटी ज्याच्या मागल्या दाराशी पोचेल त्याच्याकडे ती पाहुणी. गढवाली काकींनी पेटीच्या दारापुढं गुळाचं पाणी ठेवलं. आईनं ते जरा बाजूला ठेवायला लावलं, नाहीतर मुंग्या येतात. तमिळ घरापाशी पोचली तेव्हा सकाळी विटांपुढं तांदळाच्या पिठाची रांगोळी होती. प्रत्येक घरात आईला थांबून सांगावं लागायचं, की दारासमोर उभं राहू नका, धुणं झटकू नका, पोरांना बाजूनं जायला सांगा. पहिले काही दिवस हे सगळं माझ्यामार्फत चाललं. मी एकदा भाषांतरात माझ्या पदरचं घातलं की जो माशी मारेल त्याला रात्री राणी स्वप्नात येऊन विचारते. आईनं माझा कान धरला आणि, देवाशपथ सांगते, स्वतः पुढं होऊन म्हणाली, "नहीं नहीं. ये झूठी है. राणी कहीं नहीं जाती, वो घर में काम करती." माझी नोकरी गेली ती त्या दिवशी. मी फुगून बसले. आता वाटतं, बडतर्फ व्हावं तर असं.

(आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत मागच्या वर्षी बाराव्या मजल्याच्या बाल्कनीत आग्या माश्यांचं मोहोळ लागलं, तर ग्रुपवर दुपारपर्यंत नुसता हाहाकार. फवारणीवाल्याला कुणी बोलवायचं यावर भांडण झालं, पण कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. मी गेले. सगळे फार सभ्यपणे वागले आणि कुणी दार पूर्ण उघडलं नाही.)

पेटी रस्त्याच्या कडेला पोचली आणि तिथं थांबली. थांबणारच होती. समोर डांबरी रस्ता, त्यावरून दिवसभर थ्री-टन फौजी ट्रकांची ये-जा. मधे विटा मांडायची सोय नाही. एकदम उचलून पलीकडे नेली तर सकाळी सगळ्या माश्या परत अलीकडच्या कडेला येऊन बसणार, आणि थंडीत उघड्यावर संध्याकाळपर्यंत आखडून मरणार. इतक्या माश्या गेल्या की आत राहिलेल्या राणीला ऊब देणार कोण? पेटी फाल्गुन बघणार नव्हती.

"धुकं पडायला पाहिजे," आई म्हणाली.

दिल्लीच्या माणसानं धुकं मागितलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. तिचं म्हणणं असं, की उन्हात दार बंद करून कोंडल्या तर माश्या आत जीव टाकतात, पण दाट धुक्यात त्या आपणहून बाहेर पडत नाहीत. तीन-चार दिवस आत कोंडून राहिल्या की जुनी वाट मनातून पुसट होते, आणि बाहेर पडताना त्या जागा नव्यानं बघून घेतात. म्हणजे धुकं पडलं त्या सकाळी पेटी पलीकडे न्यायची, आणि पुढं धुकं टिकावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे. पण त्या वर्षी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. रोज कोवळं ऊन, आणि रोज आई उन्हाकडे सवत असल्यासारखी बघायची.

त्यात वरचे साहेब छावणी बघायला येणार असल्याची वर्दी आली. सगळीकडे रंगरंगोटी सुरू झाली. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना. फौजेत म्हणतात, जे हलतं त्याला सलाम करा, जे हलत नाही त्याला चुना लावा. आमची पेटी कोणत्याच प्रकारात बसेना. सुभेदार मेजर साहेबांनी आबांना बोलावलं. रस्त्याच्या कडेला, साहेबांच्या गाडीच्या वाटेवर, दारूगोळ्याची पेटी, आणि तिच्यातून आवाज येतोय! ते म्हणाले, "शनिवारी सकाळी साहेब येतायत. त्याआधी ही चीज इथून हटली पाहिजे. नाही हटली तर मी हटवीन, आणि मी कुठं टाकीन ते विचारू नका."

आबांच्या खांद्यावरचा तारा अजून कोराच होता. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं. ओरडले नाहीत. आईनं भाकरी तव्यावर तशीच करपू दिली. तोवर आबा त्या माश्यांना "तुझ्या माहेरची माणसं" म्हणायचे आणि मध सोडून त्यांच्याशी संबंध ठेवायचे नाहीत. त्या दिवशी जेवण झाल्यावर ते बाहेर गेले आणि बराच वेळ वऱ्हांड्यात मान वर करून उभे राहिले. मी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "काही नाही. तारे जास्तच दिसतायत."

शुक्रवारी सकाळी मी उठले तर खिडकी नव्हती. म्हणजे होती, पण तिच्या पलीकडं काही नव्हतं. अंगण, भिंत, जग, सगळं कुणीतरी ओल्या कापसात गुंडाळून ठेवलेलं. आई स्वेटरवर शाल बांधून केव्हाच रस्त्यावर पोचली होती. पेटीच्या दाराला तिनं जाळीचा तुकडा लावला होता. बिमला चाची पेटीची एक बाजू धरायला आली होती, आणि हातात टॉर्च घेऊन पुढं कोण उभं? सुनंदा. पातेलं घरी ठेवून. "मला काय दिसंना तर माशीला काय दिसणार," ती म्हणाली, पण दात कडकड वाजत होते.

तेवढ्यात धुक्यातून शिट्टी आली. आबा पूर्ण गणवेशात, पट्टा, टोपी, बूट चकाचक, रस्त्याच्या बरोबर मधे उभे. एक हात छातीसमोर, एक हात वर. त्यांच्या पलीकडं थ्री-टन गाडीचे दोन पिवळे दिवे कचकन थांबले. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"क्या है उस्ताद? कॉन्वॉय है क्या?"

"हां," आबा म्हणाले. "कॉन्वॉय है. इंजन बंद करो."

इंजिन बंद झालं. त्या शांततेत आई आणि चाची पाऊल-पाऊल चालत रस्ता ओलांडायला लागल्या. पुढं सुनंदाच्या टॉर्चचा लोंबता गोळा, मागं मी चार विटा पोटाशी धरून. "धीरे, भैण, धीरे," चाची कुजबुजत होती, म्हणजे तिच्या मानानं कुजबुजत. रस्त्याच्या मधोमध आबांच्या अगदी जवळून जाताना पेटीतून तो बारीक हुंकार आला. आबांनी हात खाली न घेता मान किंचित वाकवली आणि पेटीकडे कान केला. मी पाहिलं ते. आईनंही पाहिलं. त्यांच्यापाशी तिचं पाऊल उगाचच हळू झालं.

शनिवारी साहेब आले. धुकं इतकं होतं की त्यांनी चुन्याचे दगड पाहिले नाहीत, गेरू पाहिला नाही, आणि ऐकलं ते असं, की त्यांनी तमिळ काकूंच्या वाळत टाकलेल्या पांढऱ्या लुंगीच्या दिशेनं मान हलवून "व्हेरी गुड" म्हटलं. मी ते पाहिलेलं नाही, पण मी ही गोष्ट अशीच सांगते. धुकं पुढंही राहिलं. विमानं अडली, रेल्वे अडल्या, सगळी दिल्ली शिव्या घालत होती, आणि आमच्या घरात आई गुणगुणत तीळ भाजत होती. जाळी काढून तिनं पेटीच्या दारासमोर कडुनिंबाची डहाळी आडवी लावून ठेवली होती. बाहेर येणाऱ्या माशीला ठेच लागावी, तिनं थांबावं, आणि मागं वळून आपण कुठं आहोत ते बघावं, म्हणून.

मग एक दिवस ऊन पडलं. आई नव्या घराच्या पायरीवर पेटीशेजारी बसली. रस्त्यापलीकडे, पेटी अडून राहिली होती त्या कडेला, सुनंदा उभी. पहिली माशी बाहेर आली, डहाळीवर अडखळली, उडाली, आणि पेटीकडे तोंड करून हवेत डुलायला लागली. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, मग थोडं मागं जाऊन मोठा फेरा, मग त्याहून मोठा. पाठोपाठ दुसरी. मग कितीतरी. नव्या बिऱ्हाडात आलेली माणसं दारात उभी राहून गल्ली बघतात ना, तशी.

"आल्या का गं तिकडं?" आईनं रस्त्यापलीकडं हाक घातली. तिचा एवढा मोठा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"नाही वो काकू!" मग जरा वेळानं, "एक आली! अजून एक! बसायल्या हितं!"

आई उठली नाही. दुपारभर तिनं तीच हाक घातली आणि सुनंदानं तेच उत्तर दिलं, थोड्या आल्या, पण थोड्याच. उन्हं उतरली तेव्हा इकडच्या पेटीच्या दारात पायांना पिवळे परागगोळे लावून माश्यांची रीघ लागली होती. आई रस्ता ओलांडून गेली. जुन्या जागी, जिथं विटा होत्या त्या दबलेल्या मातीवर, मूठभर माश्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. म्हाताऱ्या असाव्यात, पंखांच्या कडा झिजलेल्या. सुनंदा त्यांच्याशेजारी उकिडवी बसून त्यांच्यावर सावली पडू नये म्हणून अंग चोरत होती.

"एवढ्याच राहिल्या वो," ती म्हणाली. "एवढ्यांसाठी काय करताव आता?"

"राहतंच कुणीतरी," आई म्हणाली. तिनं पदर जमिनीवर पसरला आणि बोटाच्या मागच्या बाजूनं त्यांना एक-एक करून वर घेतलं. एक तिला डसली. तिनं नखानं काटा खरवडून काढला आणि परत हात घातला. मग पदराचं टोक वर धरून ती सावकाश परत आली, आणि पेटीच्या दाराशी पदर पायघडीसारखा अंथरून बसून राहिली. माश्या थंडीनं जड झालेल्या. एकेक करत त्या चालत वर गेल्या. शेवटची दारातच थांबली. आतून दोघी बाहेर आल्या, त्यांनी तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगलं, आणि तिला मधे घेऊन आत गेल्या.